मशीन बंद झालं, पण शून्य झालं का? देखभालीआधी ऊर्जास्रोत तोडण्याची पद्धत

स्टॉपचं बटण दाबलं की मोटर थांबते. त्या क्षणी मशीनमध्ये काय काय शिल्लक असतं ते पाहा. पॅनलच्या इनकमरवर, म्हणजे बाहेरून सप्लाय येतो त्या टर्मिनलवर, पूर्ण व्होल्टेज असतं. मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये डीसी साठलेला असतो. सिलिंडरमध्ये हवा अडकलेली असते, प्रेसचा वर-खाली होणारा जड रॅम वर उचललेला असतो, फ्लायव्हील अजून फिरत असतं, स्प्रिंग ताणलेली असते, पाइपमध्ये वाफ असते. बटण दाबल्याने यातलं काहीही कमी झालेलं नसतं. देखभाल करताना बोटं, हात आणि जीव जातात ते या उरलेल्या ऊर्जेमुळे, नाहीतर आत माणूस आहे हे माहीत नसलेल्या दुसऱ्या कुणीतरी मशीन चालू केल्यामुळे.

लॉकआऊट-टॅगआऊट, म्हणजे रोजच्या बोलण्यातलं 'लोटो', या दोन्हींवरचा उपाय आहे. ऊर्जेचा प्रत्येक स्रोत तोडायचा, तो पुन्हा जोडता येऊ नये म्हणून कुलूप लावायचं, आत साठलेली ऊर्जा काढून टाकायची आणि शून्य झाल्याचं तपासून पाहायचं. यात कुलूप सगळ्यात ठळक दिसतं, म्हणून लोक कुलपालाच लोटो समजतात. पण कुलूप ऊर्जा काढत नाही. तुम्ही आणलेली शून्याची स्थिती काम संपेपर्यंत तशीच राखणं एवढंच त्याचं काम. शून्य तपासलेलंच नसेल, तर चुकीच्या ब्रेकरला लावलेलं कुलूप माणसाला खोटा धीर देऊन मशीनच्या आत पाठवतं. म्हणून पुढच्या मजकुरात कुलपापेक्षा स्रोत शोधणं, साठा काढणं आणि तपासणं यांना जास्त जागा दिली आहे.

कधी लागतं

गार्ड किंवा झाकण काढावं लागतंय, इंटरलॉक (गार्ड उघडला की मशीन थांबवणारा स्विच) बायपास करावा लागतोय, किंवा शरीराचा कुठलाही भाग हलणाऱ्या भागाच्या आवाक्यात जातोय, यातलं एकही असेल तर लागतंच. काम दोन मिनिटांचं आहे की दोन दिवसांचं, याने फरक पडत नाही. अडकलेला माल काढणं, सेन्सर पुसणं, सरकलेला बेल्ट सरळ करणं ही कामं कुणाला 'देखभाल' वाटत नाहीत, आणि म्हणूनच ती कुलपाशिवाय उरकली जातात. प्लगवर चालणाऱ्या छोट्या मशीनला मात्र वेगळं कुलूप लागत नाही. अट अशी की प्लग हाच एकमेव स्रोत हवा, तो काढलेला हवा आणि काम करणाऱ्याच्याच ताब्यात, त्याच्या नजरेसमोर हवा. त्याच मशीनला हवेची नळीही जोडलेली असेल तर ही सूट लागू होत नाही.

आधी स्रोतांची यादी

कामाच्या दिवशी, उत्पादन थांबलेलं असताना आणि सगळे घाईत असताना स्रोत शोधायला लागलात तर एखादा सुटणारच. प्रत्येक मशीनची एक पानाची शीट आधीच तयार हवी. तिच्यात प्रत्येक स्रोतापुढे सहा गोष्टी लिहा: ऊर्जा कोणती, किती, कुठे तोडायची, कुलूप कसं बसतं, साठलेली ऊर्जा कशी काढायची आणि शून्य झाल्याचं कसं कळेल. 'मेन स्विच बंद करा' असं लिहिणं निरुपयोगी आहे. 'पॅनल ३, फीडर ७, लाल हँडलचा आयसोलेटर, मशीनच्या मागच्या भिंतीवर' असं लिहा, आणि तोच क्रमांक आयसोलेटरवर, म्हणजे सप्लाय तोडणाऱ्या त्या स्विचवरही रंगवा.

शीट टेबलावर ड्रॉइंग पसरून बनवू नका. मशीनपाशी उभे राहा आणि मशीनकडे येणारी प्रत्येक केबल, होज आणि पाइप बोट ठेवत उगमापर्यंत शोधत जा. ड्रॉइंग झाल्यानंतर कुणीतरी जोडलेला दुसरा फीडर, म्हणजे सप्लायची दुसरी लाइन, असाच सापडतो. सोबत त्या मशीनचा ऑपरेटर ठेवा. कुठला भाग बंद केल्यावरही हलतो, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

हमखास सुटणारे स्रोत असे. मोठ्या मोटरमध्ये दमट हवेचं पाणी साचू नये म्हणून हीटर असतो. त्याचा सप्लाय वेगळा असतो आणि मोटर बंद झाली की तो चालू होतो, म्हणजे तुम्ही टर्मिनल बॉक्स उघडता नेमका त्याच वेळी. शेजारच्या मशीनच्या पॅनलमधून इंटरलॉकसाठी आलेली तार या पॅनलचा मेन बंद केला तरी जिवंतच राहते. अशा तारा बऱ्याच पॅनलमध्ये नारिंगी असतात, पण तसं नसेलही, त्यामुळे रंगावर विसंबू नका. पॅनलमधला दिवा आणि देखभालीचा सॉकेट कित्येकदा मेनच्या आधीच जोडलेले असतात. कंट्रोल सर्किटला यूपीएस असतो. जनरेटरचं ऑटो चेंजओव्हर असेल तर कुलूप चेंजओव्हरच्या पुढे, मशीनच्या बाजूला पडायला हवं. मागे लावलंत तर मुख्य सप्लाय गेला असं समजून जनरेटर आपोआप सुरू होईल आणि मशीनला सप्लाय परत मिळेल.

काही ऊर्जा प्रक्रियेतूनच उलटी येते. पंपाच्या डिस्चार्ज लाइनमध्ये उभा राहिलेला पाण्याचा स्तंभ नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळत असेल तर पंपाला उलटं फिरवतो. डक्टमधला वारा बंद पंखा फिरवतो. मोटर परमनंट मॅग्नेटची असेल तर ती अशी फिरताना जनरेटरसारखी वागते आणि टर्मिनलवर व्होल्टेज आणते. वरून जाणारी क्रेन, माल आणून टाकणारा मागचा कन्व्हेयर, बाजूचा रोबो हे तुमच्या मशीनचे भाग नसतात, पण त्यांचा धोका तुमच्या अंगावर येतो. तेही यादीत घ्या.

तोडायची जागा कोणती धरायची

पुश बटण, इमर्जन्सी स्टॉप, सिलेक्टर स्विच, गेटचा इंटरलॉक, पीएलसीचा (मशीन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरचा) आउटपुट यांपैकी एकही आयसोलेशन नाही. हे सगळे कंट्रोल सर्किट तोडतात, म्हणजे मोटरचा सप्लाय जोडणाऱ्या-तोडणाऱ्या कॉन्टॅक्टरला 'सोड' असं सांगतात. कॉन्टॅक्टरचे कॉन्टॅक्ट वेल्ड होऊन चिकटले असतील तर तो सोडत नाही. ड्राइव्हवरची 'सेफ टॉर्क ऑफ' ही सोय मोटरचा टॉर्क, म्हणजे फिरवणारं बळ, खात्रीने काढते, पण ड्राइव्ह आणि मोटरच्या तारा त्याने निर्जीव होत नाहीत.

आयसोलेशन म्हणजे ऊर्जेची वाट प्रत्यक्ष तुटणं: सगळे फेज तोडणारा आयसोलेटर किंवा ब्रेकर, सप्लाय बंद करून आतली हवा बाहेर सोडणारा आणि कुलूप लागणारा डम्प व्हॉल्व्ह, बंद केलेला आणि जखडलेला लाइन व्हॉल्व्ह, पाइपमध्ये घातलेली, वाट पूर्ण बंद करणारी ब्लाइंड प्लेट. ब्रेकर ट्रिप होऊन हँडल मधोमध थांबलेलं असेल तर त्याला 'ऑफ' समजू नका. पूर्ण खाली ओढून ऑफ करा, मगच क्लिप बसवा. रोटरी हँडलचा पॅनलच्या आतला शाफ्ट कधीकधी घसरतो किंवा तुटतो. बाहेर हँडल ऑफ दाखवतं आणि आत कॉन्टॅक्ट मिटलेलेच राहतात. पुढे मीटर लावण्यावर जो भर दिला आहे त्याचं हेही एक कारण.

सामान

प्रत्येकाचं स्वतःचं कुलूप, एकच चावी, आणि त्या चावीने दुसरं कुठलंही कुलूप उघडता कामा नये. साधारण ६ मिमी जाडीची आणि ३८ मिमी उंचीची कडी बहुतेक आयसोलेटरमध्ये आणि हॅस्पमध्ये (एकाच जागी अनेक कुलपं लावू देणाऱ्या पट्टीमध्ये) जाते. विजेच्या कामासाठी प्लास्टिक बॉडीचं कुलूप बरं. लोटोची कुलपं एका ठरावीक रंगाची ठेवा आणि ती कपाटाला, टूलबॉक्सला कधीच वापरू नका. नाहीतर लाल कुलूप दिसलं की 'आत माणूस आहे' हा अर्थ पुसला जातो.

त्याशिवाय सहा कुलपांचा हॅस्प, वेगवेगळ्या ब्रेकरना बसणाऱ्या क्लिप, बॉल व्हॉल्व्हच्या हँडलचं कव्हर, गेट व्हॉल्व्हच्या चाकावर बसणारं दोन अर्धगोलांचं कव्हर, अडचणीच्या जागांसाठी केबल लॉक, प्लगवर बसणारी डबी आणि ग्रुप बॉक्स (त्याचा वापर पुढे येतो). खरेदी करण्याआधी शीट घेऊन फिरा आणि कुठल्या ब्रेकरला कुठली क्लिप बसते ते बघा. न बसणारी क्लिप हातात घेऊन उभा असलेला माणूस शेवटी नुसता टॅग अडकवून कामाला लागतो.

टॅगवर नाव, तारीख, वेळ, काम आणि संपर्क लिहा. शाई तेलात आणि पाण्यात टिकणारी हवी. टॅग दोऱ्याने बांधू नका. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा पाहणाऱ्या ओशा संस्थेच्या १९८९ च्या नियमात टॅगची बांधणी एकदाच वापरता येणारी, आपोआप घट्ट बसणारी आणि किमान ५० पौंड, म्हणजे सुमारे २३ किलो ओढ सोसणारी असावी असं म्हटलं आहे. नायलॉनचा चांगला केबल टाय त्यात बसतो. टॅग फक्त सूचना देतो, हँडल अडवत नाही. कुलूप बसत असेल तिथे नुसत्या टॅगवर भागवू नका.

क्रम

पहिल्यांदा सांगा. ऑपरेटर, पुढच्या-मागच्या मशीनवरची माणसं आणि शिफ्टचा सुपरवायझर यांना काय बंद होणार आणि साधारण किती वेळ, हे कळलं पाहिजे. निरोप ठेवून निघू नका, 'कळलं' असं उत्तर घ्या.

मग मशीन नेहमीच्या पद्धतीने थांबवा. सायकल पूर्ण होऊ द्या, रॅम किंवा लिफ्ट खालच्या स्थितीत आणा, माल रिकामा करा. मोटर चालू असताना आयसोलेटर ओढू नका. बरेच आयसोलेटर लोड तोडण्यासाठी बनवलेले नसतात, आणि आत आर्क पेटला तर तो हँडल धरलेल्या माणसावर येतो. हँडल ओढताना पॅनलच्या बरोबर समोर उभं राहू नका. दार बंद ठेवा, बाजूला उभे राहा, चेहरा वळवा आणि एका झटक्यात ओढा. रेंगाळत ओढल्यानेच आर्क लांबतो.

आता शीटप्रमाणे एकेक स्रोत तोडा आणि तिथल्या तिथे कुलूप लावा. सगळे आधी बंद करून नंतर कुलपं लावत फिरलात, तर मधल्या वेळात पहिला कुणीतरी चालू केलेला असू शकतो. कुलूप लावल्यावर हँडल जोर लावून हलवून बघा. काम करणाऱ्या प्रत्येकाचं कुलूप हॅस्पवर असलं पाहिजे. 'त्याचं कुलूप आहे, माझं कशाला' हे वाक्य ऐकू आलं की तिथेच थांबवा, कारण त्याचं काम आधी संपलं तर तो आपलं कुलूप काढून निघून जाईल.

साठलेली ऊर्जा

सप्लाय तोडल्यावर आत उरतं ते इथे काढायचं. हीच पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते, आणि प्रत्येक ऊर्जेचा स्वभाव वेगळा असल्याने एकच रीत सगळीकडे चालत नाही.

ड्राइव्हपासून सुरुवात करू. ४०० व्होल्टच्या थ्री फेज सप्लायवर ड्राइव्हच्या डीसी बसवर सुमारे ५६५ व्होल्ट असतात. सप्लाय तोडल्यावर ते रेझिस्टरमधून हळूहळू उतरतात. ड्राइव्हच्या अंगावर थांबायची मिनिटं छापलेली असतात, सहसा ५ ते १५. तेवढं घड्याळ लावून थांबा आणि मग बसच्या प्लस आणि मायनस टर्मिनलवर मीटर डीसीवर ठेवून मोजा. चार्जचा दिवा विझला हा पुरावा नाही, दिवाच खराब झालेला असू शकतो. डिस्चार्जचा रेझिस्टर जळाला असेल तर लिहिलेल्या वेळेनंतरही व्होल्टेज तसंच राहतं, आणि ते फक्त मीटरच सांगतो. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करून रिकामं करण्याचा प्रकार करू नका. वितळलेला धातू डोळ्यांत उडतो.

हवेला माणसं हलक्यात घेतात. १०० मिमी बोअरच्या सिलिंडरवर ६ बार असतील तर तो सुमारे ४,७०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ ४८० किलोचं बळ लावतो. हातासाठी तेवढं पुरे. साधा बॉल व्हॉल्व्ह बंद केला तर मशीनकडची हवा आतच अडकते. इथे असा डम्प व्हॉल्व्ह हवा, जो सप्लाय बंद करतानाच मशीनकडची हवा बाहेर सोडतो. एवढं करूनही तीन पोझिशनचा, मधल्या स्थितीत सगळी तोंडं बंद करणारा व्हॉल्व्ह किंवा सिलिंडरच्या तोंडावरचा चेक व्हॉल्व्ह असेल तर त्याच्या पुढची हवा कोंडलेलीच राहते आणि मुख्य गेज आरामात शून्य दाखवतो. प्रत्येक सिलिंडर वेगळा मोकळा करा. मात्र उभा सिलिंडर मोकळा केला की त्यावरचा भार खाली येतो, म्हणून आधी भाराखाली आधार द्या आणि मग हवा सोडा. हा क्रम उलटला की सुरक्षेसाठी म्हणून केलेली कृतीच अपघात घडवते.

हायड्रॉलिकमध्ये पंप बंद असला तरी अॅक्युम्युलेटरमध्ये, म्हणजे दाब साठवणाऱ्या टाकीत, नायट्रोजनच्या दाबाखाली तेल भरलेलं असतं. त्याचा ब्लीड व्हॉल्व्ह, म्हणजे साठलेला दाब सोडणारा छोटा व्हॉल्व्ह, टँककडे उघडा आणि तेलाचा गेज शून्यावर येईपर्यंत थांबा. त्यानंतरही आत नायट्रोजनचा प्री-चार्ज उरतो, त्यामुळे अॅक्युम्युलेटरचे बोल्ट खोलायचे असतील तर ते वेगळं काम आहे, त्यासाठी गॅस वेगळा काढावा लागतो. पायलट चेक किंवा काउंटर-बॅलन्स व्हॉल्व्ह सिलिंडरचं तेल धरून ठेवतो. इथेही पंपाजवळचा गेज शून्य आणि सिलिंडरमध्ये पूर्ण दाब अशी स्थिती असते. दाब काढायला फिटिंग सैल करू नका. सुईएवढ्या छिद्रातून निघालेली तेलाची धार कातडी भेदून आत शिरते. बाहेर बारीकसा ठिपका दिसतो, फारसं दुखतही नाही आणि आत पेशी मरत असतात. असं झालं तर वाट न पाहता शस्त्रक्रिया होईल अशा रुग्णालयात न्या आणि तेल शिरलंय हे तिथे स्पष्ट सांगा. गळती शोधताना हात फिरवू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा.

गुरुत्वाला कुलूप लावता येत नाही. वर असलेली वस्तू खाली आणून ठेवणं हा पहिला पर्याय. ते जमत नसेल तर मोजून घेतलेला आधार: प्रेसमध्ये रॅम आणि वरची डाय यांचं एकत्र वजन पेलणारे सेफ्टी ब्लॉक, लिफ्टखाली मेकॅनिकल पिन. हायड्रॉलिक जॅक हा उचलण्यासाठी आहे, टेकू म्हणून नाही, त्याची सील गळते. क्रेनच्या हुकवर लटकवलेलंही चालत नाही. सेफ्टी ब्लॉक रॅमचं वजन पेलतो, चालू प्रेसचा दाब नाही. म्हणून ब्लॉक आणि सप्लायचं कुलूप दोन्ही लागतात. ब्रेक मोटर काढताना विशेष सांभाळा. होइस्ट किंवा उभ्या अॅक्सिसवर भार धरून ठेवणारी वस्तू तीच असते. चार बोल्ट सुटले की भार सुटला.

फिरत्या वस्तुमानात किती ऊर्जा असते याचा अंदाज यावा म्हणून एक आकडा. ५०० किलोचं, १ मीटर व्यासाचं भरीव चाक मिनिटाला ३०० फेऱ्यांनी फिरत असेल तर त्यात जवळपास ३१,००० ज्यूल असतात. तेच चाक ६ मीटरहून अधिक उंचीवरून पडल्यासारखं हे आहे. फ्लायव्हील, सेंट्रिफ्यूज आणि मोठा ब्लोअर पूर्ण थांबायला किती मिनिटं लागतात ते एकदा मोजा आणि शीटवर लिहा. थांबलेलं डोळ्यांनी बघा. थांबल्यावर पाचर मारा, कारण असंतुलित इम्पेलर बेअरिंग मोकळं झालं की जड बाजू खाली जाईपर्यंत स्वतःच फिरतो.

अडकलेला माल म्हणजेही ताणलेली स्प्रिंग असं धरून चाला. कन्व्हेयरमध्ये लाकूड अडकून बेल्ट ताठ झालेला असतो. लाकूड निघालं की बेल्ट आणि काउंटरवेट एकदम सुटतात. चढावरचा कन्व्हेयर मालाच्या वजनाने मागे पळतो. आधी ताण सोडवा किंवा बेल्ट क्लॅम्पने धरा, मग अडकलेलं काढा. तुकडा उडाला तर कुठे जाईल, त्या रेषेत उभे राहू नका.

वाफ, आम्ल आणि ज्वलनशील द्रव यांच्या लाइनवर एका बंद व्हॉल्व्हवर भरवसा ठेवायचा नाही. सीटमध्ये एक कण अडकला तरी व्हॉल्व्ह 'पास' होतो, म्हणजे बंद असूनही गळतो. दोन व्हॉल्व्ह बंद, मधला ब्लीड उघडा आणि तिघांनाही कुलूप, ही जोडी हवी. ब्लीड उघडा असल्याने पहिला व्हॉल्व्ह गळला तर ते तिथे दिसतं. माणूस टाकीच्या आत उतरणार असेल तर एवढंही पुरत नाही. पाइपचा तुकडा काढा किंवा ब्लाइंड प्लेट घाला. ५ बार गेज दाबाची वाफ सुमारे १५९ अंश सेल्सिअस असते, आणि दाब शून्य झाल्यावरही खोलगट भागात साचलेलं उकळतं पाणी राहतं. ते ड्रेन करा, थंड होऊ द्या. फ्लँज उघडताना तुमच्यापासून दूरच्या बाजूचे बोल्ट आधी सैल करा, सगळे एकदम काढू नका. आत काही उरलं असेल तर ते पलीकडे निघेल आणि बोल्ट परत आवळायची संधी मिळेल.

शून्य झाल्याचं तपासणं

मीटर लावून व्होल्टेज नसल्याचं सिद्ध होईपर्यंत सर्किट जिवंत आहे असं धरा आणि तसेच ग्लोव्ह, फेस शील्ड व कपडे घाला. हे काम प्रशिक्षित इलेक्ट्रिशियनचंच. मीटर सर्किटच्या व्होल्टेजला आणि जागेला योग्य रेटिंगचा हवा. पॅनलच्या कामाला कॅट थ्री १००० व्होल्ट किंवा कॅट फोर ६०० व्होल्ट असं लेबल पाहा (कॅट म्हणजे मीटर कुठल्या जागी सुरक्षित आहे ती श्रेणी).

मोजणी तीन टप्प्यांत होते. आधी मीटर माहीत असलेल्या जिवंत स्रोतावर लावून बघा. मग तुमच्या सर्किटवर: तीन फेज एकमेकांत तीन वेळा, प्रत्येक फेज ते अर्थ तीन वेळा, न्यूट्रल असेल तर फेज ते न्यूट्रल तीन आणि न्यूट्रल ते अर्थ एकदा. मग मीटर पुन्हा त्याच जिवंत स्रोतावर लावा. हा शेवटचा टप्पा बहुतेक जण सोडतात. मधल्या वेळात मीटरचा फ्यूज उडाला असेल, लीड तुटली असेल, बॅटरी उतरली असेल तर मीटरने दाखवलेलं शून्य खोटं ठरतं, आणि ते कळायला दुसरा मार्ग नाही. मोजणी पॅनलमध्ये थांबवू नका, जिथे हात लागणार त्या टर्मिनल बॉक्समध्येही करा. पेनसारखा नॉन-कॉन्टॅक्ट टेस्टर डीसी ओळखत नाही आणि शिल्डच्या केबलवरही फसतो. त्याने 'आहे' म्हटलं तर माना, 'नाही' म्हटलं तर मानू नका.

यानंतर माणसं बाजूला करून स्टार्ट बटण दाबा. प्रत्येक स्टेशनवरचं दाबा, लोकल आणि रिमोट दोन्ही. काही हललं नाही तर सिलेक्टर परत ऑफवर आणा. ते विसरलात तर सप्लाय परत देताच मशीन आपोआप सुटू शकतं. आणि नुसत्या स्टार्ट बटणावर तपासणी संपवू नका. गेट उघडं आहे किंवा कंट्रोलचा फ्यूज उडालेला आहे एवढ्यानेही मशीन सुरू होत नाही, सप्लाय मात्र पूर्ण असतो.

हवा आणि तेलासाठी गेज बघा, ब्लीड उघडा ठेवा, लिव्हर हाताने दोन्ही बाजूंना हलवून सिलिंडर ढिला पडल्याची खात्री करा. ब्लीडला चिखल बसला असेल तर तो उघडा असूनही बंद असतो. उघडताना सुरुवातीला थोडं तरी निघालं पाहिजे. काहीच निघालं नाही तर 'रिकामं होतं' असं मानण्याआधी तोंड मोकळं आहे का ते पाहा.

बरेच जण, बरेच स्रोत, बदलत्या शिफ्ट

दहा आयसोलेशन आणि पंधरा माणसं असतील तर प्रत्येकाने दहा कुलपं लावणं शक्य नाही. अशा वेळी एक जबाबदार माणूस सगळ्या जागांवर कामाची कुलपं लावतो, त्यांच्या चाव्या ग्रुप बॉक्समध्ये ठेवतो, आणि प्रत्येक जण आपलं वैयक्तिक कुलूप बॉक्सवर लावतो. शेवटचं कुलूप निघेपर्यंत चाव्या बाहेर येत नाहीत. बॉक्सवर कुलूप लावण्याआधी कुणालाही 'मला तपासून दाखवा' म्हणायचा हक्क आहे, आणि दाखवणाऱ्याने कुरकुर न करता दाखवायचं.

शिफ्ट बदलताना येणाऱ्याचं कुलूप आधी लागतं, जाणाऱ्याचं नंतर निघतं. मशीनपाशी उभं राहून, समोरासमोर. येणाऱ्याने शून्य पुन्हा तपासायचं. बाहेरचा कॉन्ट्रॅक्टर असेल तर कामाआधी दोघांच्या पद्धती एकमेकांसमोर मांडा. त्याच्या कुलपाचा रंग वेगळा असेल तर तो तुमच्या माणसांना माहीत हवा.

मध्येच ट्रायल घ्यायची असेल

अलाइनमेंट बघायला, रोटेशनची दिशा तपासायला सप्लाय द्यावाच लागतो. तेव्हा हत्यारं काढा, माणसं बाहेर घ्या आणि मोजा, कुलपं ज्याची त्याने काढा, सप्लाय द्या, ट्रायल घ्या. मग पुन्हा तोडा, कुलपं लावा, साठा काढा, मीटर लावा. सगळं पहिल्यापासून. 'आत्ताच तर तपासलं होतं' हे इथे चालत नाही, कारण त्या ट्रायलनेच कपॅसिटर, अॅक्युम्युलेटर आणि सिलिंडर पुन्हा भरलेले असतात.

कुलूप काढणं

हत्यारं, चिंध्या, सुटे बोल्ट मोजून बाहेर. गार्ड परत, इंटरलॉकचे बायपास काढलेले, ठोकळे आणि पाचरी बाहेर. सगळे जण मोकळ्या जागेत उभे असलेले दिसले पाहिजेत. ऑपरेटरला सांगा. मग प्रत्येकाने स्वतःचं कुलूप स्वतः काढायचं. हवा आणि वाफ हळू उघडा. रिकाम्या सिलिंडरला एकदम हवा मिळाली तर तो आदळतो, आणि थंड पाइपला एकदम वाफ मिळाली तर साचलेलं पाणी हातोड्यासारखं फिटिंगवर बसतं.

कुलपाचा मालक घरी गेला आणि चावी त्याच्याकडेच राहिली, असं होणारच. कटर आणण्याआधी तीन गोष्टी करा. तो आवारात नाही हे प्रत्यक्ष शोधून ठरवा, हजेरीच्या नोंदीवर नाही. त्याच्याशी संपर्क साधायचा खरा प्रयत्न करा. मशीनमध्ये कुणी नाही आणि ते चालू करण्याजोगं आहे हे स्वतः तपासा. हा निर्णय आधी नेमून दिलेल्या अधिकाऱ्याचा, लेखी नोंदीसह. आणि तो माणूस परत आल्यावर कामाला हात लावण्याआधी त्याला सांगितलंच पाहिजे की तुझं कुलूप निघालं आहे. नाहीतर त्याच्या मनात मशीन अजून बंदच असतं. कार्यालयात मास्टर चावी ठेवण्याचा मोह टाळा. ती एकदा सहज वापरली गेली की कुलूप कुणाचंच राहत नाही.

शीट जिवंत ठेवणं

वर्षातून किमान एकदा प्रत्येक पद्धत प्रत्यक्ष कामावर उभं राहून तपासा. तपासणारा ती पद्धत रोज वापरणारा नसावा, आणि त्याने कागदाकडे नाही, माणूस प्रत्यक्ष काय करतो तिकडे बघावं. कुठली पायरी सुटते, कुठे क्लिप बसत नाही, कुठला क्रमांक पुसला गेला आहे हे तेव्हाच दिसतं. माणूस वारंवार एकच पायरी सोडत असेल तर त्याला दटावण्याआधी ती पायरी करायला किती अंतर चालावं लागतं ते मोजा. आयसोलेटर ८० मीटर लांब दुसऱ्या मजल्यावर असेल तर मशीनजवळ नवा आयसोलेटर बसवणं हा खरा उपाय आहे. मशीनमध्ये नवी मोटर, नवा व्हॉल्व्ह किंवा नवी केबल आली की शीट त्याच दिवशी बदला आणि जुन्या प्रती पॅनलच्या दारावरून काढून फाडून टाका.